घरबसल्या स्पॅनिश शिकायचंय? कोर्स निवडण्याआधी हे समजून घ्या

ॲपवर सलग दोनशे दिवसांची हजेरी लागली आहे. रोज रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं चित्रांवर बोट टेकवायचं, शब्दांच्या जोड्या लावायच्या, हिरवी खूण आली की फोन बाजूला ठेवायचा. मग एक दिवस नोकरीच्या मुलाखतीत समोरची व्यक्ती म्हणते, "स्वतःबद्दल थोडं स्पॅनिशमध्ये सांगा." आणि नावापलीकडे तोंडातून काहीच बाहेर पडत नाही. 'मुलगा सफरचंद खातो' हे वाक्य मात्र तोंडपाठ असतं.

असं झालं की बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात: "भाषा हा आपला प्रांत नाही." पण अनेकदा गोष्ट वेगळी असते. निवडलेला कोर्स बोलायला शिकवण्यासाठी बनलेलाच नसतो. तो दुसरंच काही चांगलं शिकवत असतो आणि आपण त्याच्याकडून भलतीच अपेक्षा ठेवलेली असते.

स्पॅनिश शिकण्याची कारणं आज भरपूर आहेत. जगातल्या २० देशांची ती अधिकृत भाषा आहे, संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक आहे आणि सुमारे ५० कोटी लोकांची ती मातृभाषा आहे. पुण्या-मुंबईत स्पेन आणि लॅटिन अमेरिकेच्या ग्राहकांसाठी काम करणाऱ्या कंपन्यांना स्पॅनिश येणारी माणसं लागतात. कोणाला स्पेनमध्ये पुढचं शिक्षण घ्यायचं असतं, तर कोणाला 'मनी हाइस्ट' सबटायटल्सशिवाय बघायची असते.

पण प्रत्येकाच्या गावात स्पॅनिशचा क्लास नसतो. असला तरी फी आणि वेळ जमतोच असं नाही. मग उरतो घरी बसून स्वतः शिकण्याचा मार्ग. त्यासाठी पुस्तकं, ऑडिओ, ॲप, व्हीडिओ असा इतका माल समोर आहे की निवड करतानाच दमछाक होते. ही निवड कशी करायची?

आधी ठरवा: कशासाठी आणि कुठपर्यंत?

'सगळ्यात चांगला कोर्स कोणता?' या प्रश्नाला उत्तर नाही. 'माझ्या कामासाठी कोणता?' याला आहे. त्यासाठी भाषेच्या पायऱ्या माहीत असायला हव्यात.

कौन्सिल ऑफ युरोपने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात भाषेचे सहा स्तर आहेत. आज बहुतेक कोर्स आणि परीक्षा याच भाषेत बोलतात.

- ए१: स्वतःची ओळख, साधे प्रश्न, सावकाश बोललं तर समजणं.
- ए२: दुकान, हॉटेल, प्रवास, घर, कुटुंब याबद्दलचे रोजचे व्यवहार.
- बी१: परिचित विषयांवर सलग बोलणं, अनुभव सांगणं, मत मांडणं.
- बी२: मातृभाषकाशी फारसं न अडखळता संवाद, बातम्या आणि कामाची कागदपत्रं समजणं.
- सी१ आणि सी२: उच्च शिक्षण, अवघड मजकूर, सूक्ष्म छटा.

दोन आठवड्यांच्या सहलीसाठी ए१ किंवा ए२ पुरतं. भाषेच्या जोरावर नोकरी हवी असेल, तर साधारण बी२ हे लक्ष्य धरावं लागतं. हे का महत्त्वाचं? कारण बाजारातले बरेच स्वयंअध्ययन कोर्स ए२ किंवा फार तर बी१ च्या आसपास थांबतात. नोकरीसाठी शिकणाऱ्याने 'एकच कोर्स घेतला की झालं' असं मानलं, तर तो अर्ध्या वाटेवरच अडकतो. कोर्स घेण्याआधी तो कुठल्या स्तरापर्यंत नेतो, हे शोधा. ते कुठेच लिहिलेलं नसेल, तर तीही एक माहितीच आहे.

किती वेळ लागतो?

याचा एक बरा अंदाज अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेकडून मिळतो. फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट नावाची ही संस्था अनेक दशकांपासून अमेरिकी मुत्सद्द्यांना भाषा शिकवते. स्पॅनिशमध्ये कामकाज करता येण्याइतकी तयारी व्हायला वर्गातले सुमारे ६०० ते ७५० तास लागतात, असं त्यांचा अनुभव सांगतो. हा आकडा इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा आहे. शिवाय ते लोक पूर्णवेळ हेच करतात आणि त्यांना शिक्षक असतात.

आता आपला हिशेब करू. रोज अर्धा तास, एकही दिवस न चुकता दिला, तर वर्षाचे साधारण १८० तास होतात. रोज पाऊण तास दिला तर २७० च्या आसपास. म्हणजे रोज पाऊण तास देणाऱ्यालाही ७५० तास गाठायला पावणेतीन वर्षं लागतील.

हे घाबरवण्यासाठी नाही. '३० दिवसांत अस्खलित स्पॅनिश' अशी जाहिरात दिसली, तर तिच्याकडे कसं बघायचं ते कळावं म्हणून आहे. तीस दिवसांत ओळख करून देता येते, चहा-कॉफी मागता येते, आकडे येतात. तेवढंही कमी नाही, पण त्याला अस्खलित म्हणत नाहीत.

स्पेनची स्पॅनिश की लॅटिन अमेरिकेची?

दोन्हीकडची माणसं एकमेकांशी व्यवस्थित बोलतात, त्यामुळे याचा फार ताण घेऊ नका. पण कोर्स निवडताना फरक माहीत हवा.

स्पेनच्या बहुतांश भागात 'धन्यवाद'साठीचा शब्द 'ग्राथिआस' असा ऐकू येतो. त्यातला 'थ' जीभ दातांमध्ये धरून उच्चारतात. लॅटिन अमेरिकेत तोच शब्द 'ग्रासिआस' होतो. मित्रांच्या घोळक्याला 'तुम्ही' म्हणायला स्पेनमध्ये 'बोसोत्रोस' हे वेगळं सर्वनाम आणि त्याची वेगळी क्रियापदं आहेत. लॅटिन अमेरिकेत त्याऐवजी 'उस्तेदेस' वापरतात. अर्जेंटिनात 'तू'ऐवजी 'बोस' म्हणतात. काही शब्दही बदलतात: कॉम्प्युटर स्पेनमध्ये 'ओर्देनादोर', तर लॅटिन अमेरिकेत 'कोम्पुतादोरा'. मोबाइल स्पेनमध्ये 'मोबिल', तिकडे 'सेलुलार'.

स्पेनमध्ये शिकायला जायचं असेल तर स्पेनचा कोर्स घ्या. काम मेक्सिको किंवा कोलंबियाच्या ग्राहकांशी असेल तर लॅटिन अमेरिकेचा. काहीच ठरलेलं नसेल तर जो आवडेल तो घ्या. पहिल्या सहा महिन्यांत मात्र दोन्हींची सरमिसळ टाळा.

कोर्सचे प्रकार: कोण काय शिकवतं?

*१. पुस्तक आणि ऑडिओ*

हा सगळ्यात जुना प्रकार, आणि अजूनही भक्कम. फ्रान्समधली 'असिमिल' ही संस्था १९२९ पासून अशी पुस्तकं काढते. रोज एक छोटा संवाद ऐकायचा, शेजारचं भाषांतर वाचायचं, मोठ्याने म्हणायचं. पहिल्या टप्प्यात फक्त समजून घ्यायचं. साधारण पन्नासाव्या धड्यापासून दुसरी फेरी सुरू होते: रोज नवा धडा करायचा आणि त्यासोबत पहिल्यापासून एकेक जुना धडा घेऊन, भाषांतर बघून स्पॅनिश वाक्य स्वतः तयार करायचं. 'टीच युअरसेल्फ' मालिकेतली पुस्तकं जास्त शाळेसारखी आहेत. त्यात संवाद, व्याकरण, स्वाध्याय आणि मागे उत्तरं असतात.

कोणासाठी: ज्यांना वाचायला आवडतं, नियम समजला की बरं वाटतं आणि रोज टेबलाशी अर्धा तास बसता येतं.

कच्ची बाजू: ऑडिओ न ऐकता नुसतं पुस्तक वाचलं तर उच्चार हमखास बिघडतो.

*२. फक्त ऑडिओ*

पॉल पिम्सलर या अमेरिकी भाषातज्ज्ञाने १९६० च्या दशकात एक साधी गोष्ट मांडली. नवा शब्द विसरायच्या बेतात असतानाच पुन्हा विचारला, तर तो पक्का बसतो, आणि दर वेळी हे अंतर वाढवत न्यायचं. त्याच्या नावाच्या कोर्समध्ये अर्ध्या तासाचे ऑडिओ धडे असतात, एका लेव्हलमध्ये ३०. आवाज प्रश्न विचारतो आणि तुम्ही थांब्यात उत्तर द्यायचं असतं.

मिशेल थॉमसच्या कोर्समध्ये तुम्ही एका वर्गात बसल्यासारखे असता. रेकॉर्डिंगमध्ये शिक्षक आणि दोन विद्यार्थी आहेत, त्यांच्या चुकाही ऐकू येतात. लिहायचं नाही, पाठ करायचं नाही, असा त्याचा नियम. याच धाटणीचा पण पूर्ण मोफत कोर्स म्हणजे 'लँग्वेज ट्रान्सफर'. त्यात ९० छोटे भाग आहेत आणि वाक्य कसं रचायचं हे तो फार सोपं करून सांगतो.

कोणासाठी: लोकलमध्ये, बसमध्ये किंवा स्वयंपाक करताना ज्यांना वेळ मिळतो त्यांच्यासाठी. तोंड उघडण्याची भीती यानेच सगळ्यात लवकर जाते.

कच्ची बाजू: शब्दसंग्रह मर्यादित राहतो, वाचन-लेखन जवळजवळ नाही. आणि लोकलच्या गर्दीत मोठ्याने उत्तरं देता येत नाहीत, ही आपली खास अडचण. मनातल्या मनात दिलेलं उत्तर अर्धंच मोजा.

*३. ॲप*

सगळ्यात प्रसिद्ध 'ड्युओलिंगो'. २०१२ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. त्याचा एक संस्थापक लुईस फॉन आन हा मूळचा ग्वातेमालाचा, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशातला. अशा ॲपची खरी ताकद म्हणजे सवय लावणं. सुरुवातीचे काहीशे शब्द, वाक्यांची ओळख आणि रोज भाषेला हात लावण्याची शिस्त ते देतात.

कच्ची बाजू: बरंचसं काम समोर दिलेल्या पर्यायांतून निवडण्याचं असतं. ओळखणं वेगळं आणि कोऱ्या डोक्यातून वाक्य काढणं वेगळं. शिवाय हजेरी टिकवण्याच्या नादात सोपेच धडे पुन्हा पुन्हा होतात. ॲप सोबतीला ठेवा, पण मुख्य कोर्स म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

*४. ऐकून आणि बघून*

भाषा नियमांतून येत नाही, समजेल असं भरपूर ऐकल्यावर येते, हा विचार अमेरिकी अभ्यासक स्टीफन क्राशेन यांनी १९८० च्या दशकात मांडला. 'ड्रीमिंग स्पॅनिश'सारखे व्हीडिओ त्यावरच उभे आहेत. शिक्षक चित्रं काढत, हातवारे करत, सावकाश फक्त स्पॅनिशमध्ये बोलतो. अगदी नवख्यांपासून पुढच्या स्तरापर्यंतचे व्हीडिओ असतात.

कोणासाठी: ज्यांचं इंग्रजी कच्चं आहे त्यांच्यासाठी हा प्रकार खास उपयोगी, कारण मध्ये इंग्रजी येतच नाही. कान तयार होतात.

कच्ची बाजू: धीर लागतो. ही पद्धत शेकडो तासांचा हिशेब मांडते आणि बोलणं उशिरा सुरू होतं. चार महिन्यांवर मुलाखत असेल तर एवढ्यावर अवलंबून राहू नका.

*५. संस्थांचे ऑनलाइन कोर्स*

स्पेन सरकारने १९९१ मध्ये स्थापन केलेल्या 'इन्स्टिट्यूटो सेर्वांतेस'चं नवी दिल्लीत केंद्र आहे. त्यांचा 'आवे ग्लोबल' हा ऑनलाइन कोर्स स्तरांनुसार विभागलेला आहे. व्हॅलेन्सियाच्या पॉलिटेक्निक विद्यापीठाने 'एडएक्स'वर 'बेसिक स्पॅनिश' ही कोर्सची मालिका दिली आहे. ज्यांना अभ्यासक्रम, चाचणी, तारीख असलं काही नसेल तर अभ्यास होतच नाही, त्यांनी इकडे बघावं.

जुनं पण मोफत हवं असेल तर अमेरिकी मुत्सद्द्यांसाठी बनवलेला 'एफएसआय बेसिक कोर्स' आहे. पुस्तकं आणि ऑडिओ दोन्ही खुलेपणाने मिळतात. एकाच वाक्याची वीस रूपं घोकून घेणारी ही पद्धत कंटाळवाणी आहे आणि भाषा जुन्या वळणाची. पण क्रियापदांची रूपं जिभेवर बसत नसतील, तर हे रट्टे आजही कामाला येतात.

मराठी येत असेल तर काय सोपं, काय अवघड?

बहुतेक मोठे कोर्स इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी लिहिलेले आहेत. त्यामुळे इंग्रजांना जे अवघड जातं, तिथे ते पानंच्या पानं खर्च करतात. त्यातलं बरंचसं आपल्याला आधीच येतं. हे लक्षात ठेवलं तर वेळ वाचतो.

'आवडणं': इंग्रजीत 'मी आंबा आवडतो' अशी रचना आहे, त्यामुळे त्यांना स्पॅनिशचं 'मे गुस्ता एल मांगो' उलटं वाटतं. आपल्याला नाही. 'मला आंबा आवडतो' म्हणजे 'मे गुस्ता एल मांगो' आणि 'मला आंबे आवडतात' म्हणजे 'मे गुस्तान लोस मांगोस'. आंबे अनेक झाले की क्रियापद बदलतं, तेही अगदी आपल्यासारखंच. हा धडा भराभर पुढे न्या.

'तू' आणि 'तुम्ही': स्पॅनिशमध्ये 'तू' म्हणजे 'तू'च. आदरार्थी 'उस्तेद'. इंग्रजांना हा फरक शिकवावा लागतो, आपण तो लहानपणापासून पाळतो. फक्त कोणाला काय म्हणायचं हे देशागणिक बदलतं. कोलंबियाच्या काही भागांत घरच्या माणसांनाही 'उस्तेद' म्हणतात.

कर्ता गाळणं: आपण 'तू जेवलास का?' म्हणायच्या ऐवजी नुसतं 'जेवलास का?' म्हणतो. स्पॅनिशमध्येही तसंच. 'आब्लास एस्पान्योल?' म्हणजे 'स्पॅनिश बोलतोस का?' क्रियापदाच्या शेवटावरून कर्ता कळतो. 'तू'च्या रूपाच्या शेवटी दोन्हीकडे 'स' आहे, ते बघा.

दोन भूतकाळ: 'काल मी नदीवर गेलो' आणि 'लहानपणी मी नदीवर जायचो' यातला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. स्पॅनिशमध्ये पहिल्यासाठी 'फुई' आणि दुसऱ्यासाठी 'इबा' आहे. इंग्रजीतल्या पुस्तकांत यावर लांबलचक प्रकरण असतं. तुम्ही प्रत्येक उदाहरण मनात मराठीत करून बघा, निम्मं काम तिथेच होईल.

'यावंस': 'तू यावंस असं मला वाटतं' यातलं 'यावंस' हे इच्छा दाखवणारं खास रूप आहे. स्पॅनिशमध्येही अशा ठिकाणी वेगळं रूप येतं: 'किएरो के बेंगास'. दोन्हींचा वापर तंतोतंत सारखा नाही, पण कल्पना परकी वाटणार नाही.

उच्चार: स्पॅनिशचे त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून होतात. प, त, क यांत श्वासाचा झोत नसतो. स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ.

काही शब्दही ओळखीचे निघतात. गोव्यामार्गे पोर्तुगीजमधून मराठीत आलेले शब्द पोर्तुगीजच्या या बहिणीकडेही आहेत: आपली बादली लॅटिन अमेरिकेत 'बाल्दे', साबण 'खाबोन', आणि पगाराच्या मागचं 'पागार', म्हणजे पैसे देणं.

आता अवघड बाजू. इथे कोर्स घाई करत असेल तरी तुम्ही थांबा.

- 'आहे'ची दोन क्रियापदं: 'सेर' आणि 'एस्तार'. 'एस आबुर्रिदो' म्हणजे तो कंटाळवाणा आहे, 'एस्ता आबुर्रिदो' म्हणजे तो कंटाळलेला आहे. मराठीत दोन्हीकडे 'आहे'च, त्यामुळे इथे चुका होतात.
- एल, ला, उन, उना: नामाआधी लागणारे हे छोटे शब्द मराठीत नाहीत. आपण ते खाऊन टाकतो. प्रत्येक नाम 'एल' किंवा 'ला'सकटच पाठ करा.
- लिंग: तीनऐवजी दोनच, पण जुळत नाहीत. आपलं 'ते पुस्तक' तिकडे पुल्लिंगी 'एल लिब्रो', आपला 'तो हात' तिकडे स्त्रीलिंगी 'ला मानो'.
- आघात: 'आब्लो' हा शब्द 'आ'वर जोर देऊन म्हटला तर 'मी बोलतो', 'ब्लो'वर जोर दिला तर 'तो बोलला'. मराठीत जोर बदलल्याने असा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान इकडे लक्षच देत नाही. यासाठी ऑडिओ हवाच.
- शब्दांची जागा: 'घरात' मधला 'त' मागे लागतो, 'एन ला कासा' मधला 'एन' पुढे येतो. क्रियापदही शेवटी नसतं.
- 'पेरो' आणि 'पेर्रो': पहिलं म्हणजे 'पण', दुसरं म्हणजे 'कुत्रा'. 'घर्रघर्र' मधला लांबलेला र काढता येत असेल तर अर्धी लढाई जिंकलात.

पहिल्याच धड्यात कोर्स कसा पारखायचा?

बहुतेक कोर्सचा पहिला धडा मोफत असतो. पैसे भरण्याआधी तो पूर्ण करा आणि हे पाच प्रश्न विचारा.

१. आवाज खऱ्या माणसांचा आहे का? मातृभाषकांचे, स्त्री-पुरुष दोघांचे आवाज असावेत.

२. वाक्य मला तयार करावं लागलं का? नुसतं निवडायचं असेल तर बोलणं येणार नाही.

३. जुनं पुन्हा येतं का? तिसऱ्या धड्यातला शब्द दहाव्यात भेटत नसेल, तर तो विसरायला होणारच.

४. उत्तरं आहेत का? वर्गात शिकवण्यासाठी लिहिलेल्या बऱ्याच चांगल्या पाठ्यपुस्तकांत उत्तरं नसतात, ती वेगळ्या पुस्तकात असतात. घरी एकट्याने शिकताना तिथे गाडी अडते.

५. कोर्सची मधली भाषा मला सहज कळते का? इंग्रजीतलं व्याकरण समजून घ्यायलाच डोकं खर्च होत असेल, तर तुम्ही एकाच वेळी दोन भाषा शिकताय. अशा वेळी चित्रांवर आधारित कोर्स किंवा वर सांगितलेले व्हीडिओ घ्या.

पैसे कधी भरायचे?

आधी पहिला महिना मोफत साधनांवर काढा. तीस दिवसांपैकी किमान वीस दिवस अभ्यास झाला, तरच पैशांचा विचार करा. वर्षभराची वर्गणी महिन्याच्या मानाने स्वस्त दिसते, पण दुसऱ्या महिन्यात सोडून दिली तर तीच सगळ्यात महाग पडते. मोफत चाचणीसाठी कार्डाची माहिती देत असाल, तर रद्द करण्याची शेवटची तारीख त्याच क्षणी फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका. 'आयुष्यभरासाठी' असं लिहिलेल्या सवलतीत नेमकं काय मिळतं ते वाचा. एकदा विकत घेतलेलं पुस्तक मात्र कायम तुमचं असतं.

एकट्याने शिकताना बोलायचं कोणाशी?

घरच्या अभ्यासातली ही सगळ्यात मोठी उणीव. कोणताही कोर्स ती पूर्ण भरून काढत नाही, त्यामुळे सोय आपल्यालाच करावी लागते. तासाप्रमाणे पैसे घेणारे ऑनलाइन शिक्षक मिळतात. भाषेची देवाणघेवाण करणारेही असतात: अर्धा तास तुम्ही त्यांना इंग्रजी शिकवायचं, अर्धा तास त्यांनी तुम्हाला स्पॅनिश.

वेळेचं गणित आपल्याला सोयीचं आहे. आपल्याकडे रात्रीचे आठ वाजतात, तेव्हा मेक्सिको सिटीत सकाळचे साडेआठ आणि कोलंबियात साडेनऊ वाजलेले असतात. स्पेनमध्ये हिवाळ्यात दुपारचे साडेतीन आणि उन्हाळ्यात साडेचार. जेवणं होण्याआधीचा हा वेळ बऱ्याच घरांत मिळू शकतो.

एआय चॅटबॉटशीही सराव करता येतो. त्याच्यासमोर चुकायला लाज वाटत नाही, हा मोठा फायदा. पण तो तुमचे अडखळते उच्चारही समजून घेतो आणि कधी कधी नियम चुकीचा सांगतो. खरं माणूस समोर आलं की परिस्थिती वेगळी असते. महिन्यातून दोनदा तरी खऱ्या माणसाशी बोला.

मग नेमकं काय घ्यायचं?

तीन गोष्टी पुरतात: एक मुख्य कोर्स, कानासाठी एक साधन आणि बोलण्याची एक जागा. पाच ॲप एकदम सुरू केली तर प्रत्येक ठिकाणी पहिलाच धडा होतो.

- नोकरीसाठी, रोज एक तास: पुस्तक आणि ऑडिओचा कोर्स मुख्य. सोबत रोज १५ मिनिटं ऐकणं. दुसऱ्या महिन्यापासून आठवड्याला एकदा शिक्षक. ए२ झालं की दुसरं, वरच्या स्तराचं पुस्तक.
- प्रवासातच वेळ मिळतो, रोज अर्धा तास: ऑडिओ कोर्स मुख्य. रात्री १० मिनिटं वाचन. सुट्टीच्या दिवशी आठवड्याचे धडे घरी मोठ्याने.
- आवड म्हणून, वेळेचं बंधन नाही: सोप्या स्पॅनिशचे व्हीडिओ मुख्य. लागेल तेव्हा व्याकरणाचं छोटं पुस्तक.
- स्पेनची सहल, दोन महिने हातात: 'लँग्वेज ट्रान्सफर'सारखा ऑडिओ कोर्स आणि उपयोगी वाक्यांची वही. आकडे, वेळ आणि रस्ता विचारणं पक्कं करा.

शब्द लक्षात ठेवायला 'अँकी' हे कार्डांचं साधन चांगलं आहे. कॉम्प्युटर आणि अँड्रॉइडवर ते मोफत आहे. आठवत नाही ते कार्ड लवकर, आठवतं ते उशिरा समोर येतं. रोज दहा नवे शब्द पुरे.

मुख्य कोर्स एकदा निवडला की किमान तीन महिने बदलू नका. पाचव्या-सहाव्या आठवड्यात नवलाई संपते आणि तेव्हा प्रत्येकाला दुसरा कोर्स जास्त चांगला वाटू लागतो.

प्रमाणपत्र हवं का?

स्वयंअध्ययन कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र म्हणजे तुम्ही कोर्स पूर्ण केला, एवढंच. भाषा येते याचा पुरावा म्हणून दोन परीक्षा सर्वाधिक ओळखल्या जातात. 'डेले' ही इन्स्टिट्यूटो सेर्वांतेसकडून घेतली जाते, ए१ ते सी२ पर्यंत आहे आणि तिची पदविका कायमची ग्राह्य असते. 'सिएले' ही कॉम्प्युटरवर होते आणि तिच्या प्रमाणपत्राला मुदत असते. दोन्हींत वाचन, ऐकणं, लेखन आणि बोलणं तपासतात. घरी कोणत्या कोर्समधून शिकलात, हे तिथे कोणी विचारत नाही.

कोर्स काम करतोय हे कसं ओळखायचं?

हजेरी, गुण किंवा पूर्ण झालेल्या धड्यांवरून नाही. दर महिन्याच्या शेवटी फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि समोर काहीही न ठेवता एक मिनिट स्पॅनिशमध्ये स्वतःबद्दल बोला: नाव, गाव, घरात कोण, काय काम करता, काय आवडतं. पहिल्या महिन्यात कदाचित १५ सेकंदांत संपेल. ते रेकॉर्डिंग पुसू नका.

तिसऱ्या महिन्याचं रेकॉर्डिंग पहिल्यापेक्षा लांब आणि कमी अडखळतं असेल, तर कोर्स योग्य आहे, चालू ठेवा. तसंच राहिलं असेल, तर आधी दिलेला वेळ मोजा. वेळ दिला असूनही फरक नसेल, तर बदलायचा आहे तो कोर्स. "स्वतःबद्दल थोडं सांगा" या प्रश्नाची तयारी तोवर तुमची दर महिन्याला होतच असेल.